गावभरचा भाचा आणि कायमची खुर्ची

आमच्या फ्रीटाऊनात माणूस मेला की चर्चची घंटा सांगते, आणि माणूस हुद्द्याने वर चढणार असला की मी सांगते. यात माझा मोठेपणा काही नाही. कोर्टाच्या फाटकाशी, शेवरीच्या थोरल्या झाडाच्या सावलीत, मी हातगाडीवर आल्याचं सरबत विकते. वकील, अशील, पट्टेवाले, सगळ्यांचे घसे तिथेच सुकतात, आणि घसा ओला झाला की माणसाचं तोंड सुटतं. मी फक्त पेला भरते आणि 'हो का?' म्हणते.

सेप्टिमस गार्बर माझ्या समोरच्या घरात राहतो. खाली दगडी जोतं, वर फळ्यांचं घर, पुढे व्हरांडा. त्या व्हरांड्याच्या फळ्या त्याच्या येरझाऱ्यांनी इतक्या झिजल्यात की पावसाळ्यात मांजर घसरतं. नोकरीने तो मॅजिस्ट्रेट. चोऱ्यामाऱ्या, शिवीगाळ, कोणाची बकरी कोणाच्या परसात, असले खटले. पण वरच्या कोर्टातले धाकटे जज्जसाहेब रजेवर विलायतेला गेले की त्यांच्या खुर्चीवर हंगामी म्हणून सेप्टिमसला बसवायचे. मग तो पत्र्याच्या डब्यातून केसांचा टोप काढायचा, मावशी त्याला ऊन द्यायची, आणि गल्ली त्याला 'माय लॉर्ड' म्हणायची. साहेब बोटीतून उतरले की टोप पुन्हा डब्यात आणि माय लॉर्ड पुन्हा बकऱ्यांकडे. असं किती वेळा झालं ते त्यालाच विचारा. मी विचारलं होतं एकदा, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मावशी म्हणजे आयामिडे मावशी, त्याच्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली, मावशीने वाढवला. कोला, म्हणजे तरतरीसाठी चघळायचं कडू फळ, विकून विकून लंडनला पाठवला आणि बॅरिस्टर करून परत आणला. चर्चच्या दप्तरात तो सेप्टिमस, पण मावशीला आयो. उंच बाई, घोळदार छापील झगा, डोक्याला रुमाल, आणि बाजारात तिने एकदा 'नाही' म्हटलं की भाव त्या दिवशी हलत नाही.

तर ही जर्मनांशी झालेल्या लढाईच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. धाकटे जज्जसाहेब त्या वर्षी रजेवर गेले ते आलेच नाहीत. तापाने पार खंगले, विलायतेच्या डॉक्टरांनी पुन्हा या किनाऱ्यावर पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. खुर्ची रिकामी झाली. हंगामी नव्हे, कायमची. ती भरेपर्यंत सेप्टिमस हंगामी म्हणून बसलेलाच होता.

आता ही खुर्ची मिळते कशी, हे कोणालाच धड ठाऊक नाही, हीच तिची गंमत. अर्ज करायचा नसतो. विचारायचं तर मुळीच नसतं. विचारलं की तुम्ही उतावळे, म्हणून बाद. थोरले जज्जसाहेब गव्हर्नरांच्या कानात सांगणार, गव्हर्नर लंडनला कळवणार, लंडन मग सायप्रस, त्रिनिदाद, फिजी असं जगभर बघून एक बोट ठेवणार. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तशातलाच प्रकार. फरक एवढाच, की इथे मुलीने आपल्याला बघायला आलेत हे ओळखायचं पण दाखवायचं नाही, आणि असं वर्षभर बसून राहायचं.

सेप्टिमसला बसवेना. व्हरांड्यात येरझारा. कॉलर सैल करायची, पुन्हा लावायची. थोरल्या साहेबांनी कोर्टात मान हलवली तर ती होकारार्थी की माशी बसली म्हणून, यावर त्याची संध्याकाळ जायची. एकदा मला विचारतो, "रेमी, साहेबांचा पट्टेवाला आज माझ्याकडे बघून हसला. का हसला असेल?"

मी म्हटलं, "तुझी बटणं वरखाली लागलीत."

त्याने खाली पाहिलं. लागली होतीच.

आणि एवढ्यात गव्हर्नरांच्या बागेतल्या चहाला त्याला बोलावणं आलं. तिथे थोरल्या जज्जसाहेबांनी त्याला जास्वंदीच्या कुंपणापाशी बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता हो, पण त्यांना दुपारी गोल्फ खेळायचा असायचा, आणि सेप्टिमस हंगामी खुर्चीवर बसला की त्यांचा गोल्फ बुडायचा. कारण सेप्टिमसची एक खोड होती. दावा पुकारला की चष्मा काढायचा आणि विचारायचं, "यात माझं नात्यातलं कोणी आहे का?" आता हे फ्रीटाऊन. इथे ज्याचं लग्नाने नातं नाही त्याचं बाप्तिस्म्याने असतं, आणि ज्याचं दोन्हीने नाही तो परवाच बोटीतून उतरलेला असतो. शाळेत हात वर करतात तसे हात वर व्हायचे. मग सेप्टिमस म्हणायचा, हा दावा मला ऐकता येणार नाही, थोरल्या साहेबांकडे पाठवा. भिंतीचे, विहिरीचे, मृत्युपत्रांचे दावे, सगळे चालले थोरल्या साहेबांकडे.

तर साहेब कुंपणापाशी म्हणाले, की गार्बर, तुमचा कायदा चोख आहे, पण या गावात प्रत्येक गल्लीत तुम्ही कोणाचे तरी भाचे आहात. भाच्याला जज्ज करावं कसं?

हे सेप्टिमसने शनिवारी जेवताना सांगितलं. शनिवार म्हणजे आमच्या प्रत्येक घरी फूफू, म्हणजे कंदाच्या पिठाचा मऊ गोळा, आणि कडू पाल्याची भाजी, आणि मावशीकडे तर अर्धी गल्ली पानाला. मी होते, गल्लीतला न्हावी बेकली होता, सेप्टिमसचा मामेभाऊ कॉर्नेलियस होता. सेप्टिमस रागात बोलला, हात धुतले आणि व्हरांड्यात गेला. फळ्या करकरायला लागल्या.

मावशीने बोटं चाटून पुसली आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हळू आवाजात, बाहेर जाऊ नये अशा बेताने, म्हणाली, "ऐकलंत? त्याच्या आड आपण आहोत. आजपासून आयोचं कोणी नाही. खुर्ची मिळेपर्यंत."

बेकली म्हणाला, "म्हणजे त्याची दाढी करायची नाही?"

"करायची. बोलायचं नाही."

"मावशी, न बोलता दाढी केली तर त्याला वाटेल मी गळा कापणार."

पण मावशीचं 'नाही' म्हणजे नाही. आणि सेप्टिमसला यातलं अक्षर कळता कामा नये, कारण कळलं तर तो सत्यवचनी गाढव स्वतः जाऊन साहेबांना सांगेल. हे शब्द मावशीचे.

मग जे सुरू झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. गावाने एका माणसाचं सगळं नातं एका रात्रीत उतरवून ठेवलं. रविवारी चर्चमध्ये तो बाकावर बसला आणि दोन्ही बाजूंचे बाक हळूहळू रिकामे झाले. वेस्टमोरलंड रस्त्यावर म्हातारी कोकरबाई, जिने त्याला लहानपणी पायावर घालून न्हाऊ घातलेलं, ती त्याला बघून समोरच्या दुकानात शिरली. दुकान शवपेट्यांचं होतं. तिथे बिचारीला काहीतरी विचारायचं म्हणून तिने स्वतःचं माप दिलं. त्याच्या एका धर्मपुत्राच्या घरी बारसं झालं, बोलावणं नाही. पोरं 'गुड मॉर्निंग काका' म्हणायची ती आता 'गुड मॉर्निंग सर' म्हणून पळायला लागली. शनिवारी मावशी म्हणाली, माझं अंग दुखतंय, आज फूफू नाही. शनिवारी! दोन घरं पलीकडून भाजीचा वास येत होता.

सेप्टिमसची आधीच झोप उडालेली. आता त्याला वाटायला लागलं की आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय आणि ते आपल्याला सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहायचा, पेला घ्यायचा, पीत नसायचा.

"रेमी, माझ्यावर आरोप काय आहे तेवढं सांग. आरोपीला तो हक्क असतो."

मी म्हटलं, उकाडा आहे, लोक वैतागलेत. मला गप्प बसायला लावणं म्हणजे नदीला थांब म्हणणं. पण बसले. दोन शेर वजन उतरलं माझं.

मग कॉर्नेलियसचा दावा आला. कॉर्नेलियस सुतार, त्याचं शेजाऱ्याशी कुंपणाच्या भिंतीवरून भांडण जुनंच. आडनाव थॉर्प, त्यामुळे नुसत्या नावावरून जज्जाशी नातं कळायचं कारण नाही. एरवी हा दावा सरळ थोरल्या साहेबांकडे गेला असता. त्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. मी माझी गाडी एका ओळखीच्याला सांभाळायला दिली आणि आत जाऊन मागे उभी राहिले. मावशी पहिल्याच बाकावर, मांडीवर हात, नजर छताला. खाली टेबलाशी रजिस्ट्रारसाहेब, म्हणजे थोरल्या साहेबांचे कान.

दावा पुकारला. सेप्टिमसने कागदावरचं नाव वाचलं, त्याच्या कपाळाला आठी पडली, त्याने चष्मा काढला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. एक हात वर नाही. त्याने कॉर्नेलियसकडे पाहिलं.

"वादीचं माझ्याशी काही नातं आहे?"

"नाही, माय लॉर्ड."

"नीट आठवून सांगा."

कॉर्नेलियसने नको तेवढं तोंड उघडलं. "नाही, माय लॉर्ड. आपल्यासारख्या मोठ्या माणसाला मी आज पहिल्यांदा बघतोय."

कोणीतरी खोकलं. सेप्टिमसने चष्मा रुमालाने पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिला. मग त्याची नजर कॉर्नेलियसवरून बाकांवर फिरली. बेकली न्हावी जोडे बघत होता. कोकरबाई प्रार्थना म्हणत होती. आणि मावशी छताकडे अशी बघत होती जणू तिथे देवदूत लटकलेत. मी त्याचा चेहरा बघत होते. गेल्या सगळ्या आठवड्यांचा हिशेब त्याच्या तोंडावर एकदम उतरला. रिकामे बाक, पळणारी पोरं, शनिवारचं दुखणं. क्षणभर तर मला वाटलं तो हसणार.

आणि मग त्याला दुसरंही कळलं, ते मला त्याच्या हातावरून कळलं, कारण पुसणं एकदम थांबलं. गप्प बसलं तर काम झालं होतं. त्याने विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, रजिस्ट्रारसाहेबांनी ऐकलं होतं. त्याला स्वतःला खोटं बोलायचंही नव्हतं. फक्त 'पुढे चला' म्हणायचं होतं.

त्याने चष्मा घातला. "कोर्टाच्या दप्तरी नोंद करा," तो म्हणाला, "वादी माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा आहे. आम्हा दोघांना गोवर एकाच चटईवर आला. तो खोटं बोलतो तेव्हा त्याचा डावा कान लाल होतो, तो या क्षणी रजिस्ट्रारसाहेबांनाही दिसत असेल. दावा थोरल्या साहेबांकडे जाईल. वादी कोर्टाची माफी मागेल."

कॉर्नेलियस डावा कान धरून म्हणाला, "माफी, माय लॉर्ड. आत्याने सांगितलं होतं."

हसू फुटलं ते थेट बाहेरच्या झाडावरची वटवाघळं उडेपर्यंत. मावशी मात्र हसली नाही. उठली, झगा सावरला आणि चालती झाली.

संध्याकाळी दोघांचं जुंपलं, आणि समोरच्या घरात राहण्याचा मला पुरेपूर फायदा मिळाला. मावशी म्हणत होती, की एवढा गाव तुझ्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसला, आणि तू किल्ली फिरवून आलास. तो म्हणत होता, की तुम्ही कॉर्नेलियसला शपथेवर खोटं बोलायला लावलंत, तो तुरुंगात जाता जाता राहिला. शेवटी मावशी म्हणाली, "तुला कायदा शिकायला धाडला होता. दोन शब्द गिळायला शिकवत नाहीत का रे तिथे?" दार लागलं. त्यानंतर मावशी त्याच्याशी बोलेनाशी झाली, आणि हा नाटकातला अबोला नव्हता.

गावाने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. पोरं पुन्हा 'काका' म्हणायला लागली. बेकलीने दाढी करताना साचलेलं सगळं एका बैठकीत बोलून टाकलं. सेप्टिमसचा एक कल्ला त्या नादात जास्तच वर गेला.

पुढच्या आठवड्यात थोरल्या साहेबांनी त्याला बोलावलं. आम्ही सगळ्यांनी धरलंच होतं, की संपलं. तासाभराने तो बाहेर आला, सरळ माझ्या गाडीपाशी, आणि या वेळी पेला एका दमात संपवला.

साहेब म्हणाले होते, की फ्रीटाऊनची खुर्ची मॉरिशसच्या एका माणसाला ठरली, तिचं आता नाव काढू नका. पण कोर्टात जे झालं ते रजिस्ट्रारने मला सांगितलं, आणि ज्याला असं बोलता येतं त्याला जज्ज न करणं हे मला बरं वाटत नाही. तर बाथर्स्टची जागा रिकामी होतेय. जज्ज म्हणून, कायम. तुम्हाला जिथे कोणी आत्या-मावशी नाही अशा गावी पाठवलं की प्रश्न मिटला. आणि मग लेखणी उचलून म्हणाले, की एवढं मला लिहून द्यावं लागेल, म्हणून विचारतो: बाथर्स्टात तुमचं कोणी नाही ना?

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"सोमवारी सांगतो म्हणालो."

आता तुम्हाला सांगते. बाथर्स्ट म्हणजे याच किनाऱ्यावरचं दुसरं इंग्रजी बंदर, आमच्या वरच्या अंगाला, बोटीने जरासं लांब. पण आमच्या आज्यापणज्यांपैकी निम्मे व्यापाराला म्हणून तिथे गेले आणि तिथेच घरं बांधून बसले. तीच आडनावं, तीच चर्चं, शनिवारी तीच भाजी. इंग्रजाला नकाशात दोन ठिपके दिसतात. आम्हाला एकाच घराच्या दोन खोल्या. आणि तिथे वरच्या कोर्टात जज्ज एकच. त्याने 'मला ऐकता येणार नाही' म्हटलं तर दावा दुसऱ्या जज्जाची बोट येईपर्यंत तसाच पडून.

गल्लीत सल्ल्यांचा पाऊस पडला. कॉर्नेलियस म्हणाला, मी काही बोलत नाही, माझा कान अजून दुखतोय. बेकलीचं म्हणणं, की साहेबांनी 'कोणी नाही ना' विचारलं, तर 'बरं साहेब' म्हणायचं. 'बरं' हे काही खोटं नाही. कोकरबाई म्हणाली, दूरच्या नात्याला देव मोजत नाही. मावशी मात्र स्वयंपाकघरात कोला निवडत बसायची, लाल एकीकडे, पांढरे एकीकडे, आणि निवडून झाले की पुन्हा मिसळायची. शुक्रवार, शनिवार, रविवार व्हरांड्याच्या फळ्यांना विसावा नव्हता. जाऊन वळायचा, वळून यायचा. त्याच्याबरोबर माझीही झोप गेली. एकदा खिडकीतून ओरडून म्हटलं, "अरे, चालत चालत गेला असतास तर एव्हाना बाथर्स्ट आलं असतं."

तो थांबला. "हो म्हटलं तर माझी आयुष्यभराची हौस फिटते, रेमी. आणि पहिल्याच दाव्याला मला चष्मा काढावा लागेल."

"मग काढू नकोस."

"तेच तर करून बघतोय. इथे फिरताना, मनातल्या मनात. चष्मा ठेवून विचारून बघतो, न विचारून बघतो. जमत नाही."

सोमवारी तो गेला. साहेबांना त्याने सांगितलं, की तिथे माझे नातेवाईक आहेत. साहेबांनी विचारलं, किती? एकदोन असतील तर बघू. त्यावर हा नावं सांगायला लागला. साहेबांनी आधी लिहून घेतली, मग लेखणी ठेवली, मग खुर्चीला टेकून नुसती ऐकली. शेवटी म्हणाले, गार्बर, या सबंध किनाऱ्यावर तुम्हाला ठेवायला मला जागा सापडेल असं वाटत नाही. उठून हात मिळवला. आपण जे ऐकलं तेच लंडनला कळवू म्हणाले.

मग बोटींची वाट. एक आली, दुसरी आली. मॉरिशसचे साहेब आले, उन्हाने लाल, गावात कुत्रंसुद्धा त्यांना ओळखत नव्हतं, म्हणजे लायक. आणि पावसाळा सरत आला तेव्हा सरकारी फळ्यावर कागद लागला, की बाथर्स्टला सायप्रसचा कोणी माणूस नेमला. मी तो सेप्टिमसच्या आधी वाचला आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आले. विनोद सुचला नाही, म्हणून उन्हाबद्दल बोलत होते.

मावशी व्हरांड्यातच होती. तिला कळलं होतं; तिला कसं कळलं ते मला विचारू नका, मी एकटीच थोडी आहे गावात. सेप्टिमस पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मावशीने त्याला हाक मारली.

"आयो. साहेबाला तू काय सांगितलंस?"

"खरं ते."

"म्हणजे कोणाकोणाची नावं घेतलीस?"

त्याने थकून सांगितलं. तुझी भाची मोडुपे. तिचा नवरा, तो बंदरावरचा. मोडुपेच्या दोन्ही नणंदा. थोरल्या मामाचं दुसरं घर. जुन्या पाद्र्यांच्या मुली.

मावशी एकेका नावाला मान हलवत होती. तो थांबला तशी तिची मानही थांबली. "आणि फॉक्नर?"

"कोण फॉक्नर?"

"माझ्या आईच्या धर्मबहिणीची मुलं. पाच भाऊ आहेत ते तिथे. एवढी मोठी माणसं. आता त्यांना कळेल की साहेबापुढे सगळ्यांची नावं घेतली आणि त्यांची तेवढी राहिली. काय वाटेल त्यांना?"

सेप्टिमसने गुडघ्यावरची टोपी उचलली. "उद्या जाऊन सांगून येऊ का?"

"ये," मावशी म्हणाली. "राहायला नको."

त्यातली थट्टा कोणाची आणि खरं कोणाचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या पायऱ्या चढताना माझ्या गाडीपाशी थांबला, आणि थोरले साहेब आज गोल्फला किती वाजता निघतात, त्याआधी गाठता येतील का, ते मला विचारत होता.